कादंबरी वाचून लिनोकट: शब्दांपासून छापापर्यंत

कादंबरी वाचून संपली की तिच्यातले काहीतरी चित्रात उतरवावे असे अनेकांना वाटते, आणि बहुतेकांचा हात आधी नायिकेच्या चेहऱ्याकडे किंवा सर्वांत नाट्यमय प्रसंगाकडे वळतो. अशी चित्रे हौसेने काढली जातात, पण ती पाहताना पुस्तक वाचल्याचा अनुभव परत येत नाही, कारण तो प्रसंग लेखकाने शब्दांत आधीच पुरा केलेला असतो आणि चित्राला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. माझे म्हणणे असे आहे की कादंबरीतून घटना उचलण्याऐवजी कादंबरीची नजर उचलावी. लेखक कोणत्या वस्तूंपाशी रेंगाळतो, कशावरून झरझर पुढे जातो, काय सांगायचे टाळतो, उजेड आणि अंतर यांची नोंद किती वेळा घेतो, हे चित्रकाराने शोधावे आणि त्यातून चित्र उभे करावे. या कामासाठी मी लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या पत्र्यावर चित्र कोरून शाईने त्याचा छाप काढणे, हे माध्यम सुचवतो. घरच्या टेबलावर, छापयंत्राशिवाय ते करता येते, आणि प्रत्येक रेषेपाशी काय ठेवायचे व काय कोरून काढायचे हा निर्णय घ्यायला ते भाग पाडते. चांगला गद्यलेखकही सतत हाच निर्णय घेत असतो.

उदाहरणासाठी एकच कादंबरी घेऊ, म्हणजे सूचना हवेत राहणार नाहीत. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातल्या धनगरांच्या एका लहानशा वाडीवर तरुण शिक्षक रुजू होतो, बंद पडल्यासारखी असलेली शाळा चालवतो, वाडीतल्या माणसांत हळूहळू मुरतो, सगळ्यांच्या श्रमातून तिथे तालीम उभी राहते आणि शेवटी दुष्काळाने वाडी उठून जाते, एवढीच तिची कथा. माडगूळकर स्वतः चित्रे काढत असत आणि ते त्यांच्या गद्यात जाणवते: वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी, माणूस दिसतो तो आधी त्याच्या अंगावरच्या घोंगडीतून, चालीतून आणि हातातल्या काठीतून. असे गद्य दोन रंगांच्या कठोर माध्यमाला जवळचे आहे.

पहिले वाचन आनंदासाठी करावे आणि त्या वेळी पेन्सिल दूर ठेवावी. दुसऱ्या वाचनाला मात्र शेजारी कोऱ्या पानांची वही असावी. या वहीत कथानक लिहायचे नाही. डाव्या पानावर वस्तूंची नोंद करावी: घोंगडी, काठी, शाळेचे दार, मेंढरांची लोकर, चिलीम, भाकरी. उजव्या पानावर अंतर, उजेड आणि आवाज यांची नोंद करावी: कोण कोणाकडे कुठून पाहत आहे, सूर्य कुठे आहे, माणसे जवळ आहेत की क्षितिजावर ठिपक्याएवढी, कुठे सगळे शांत आहे. ज्या शब्दांमुळे डोळ्यांसमोर काही उभे राहिले ते शब्द जसेच्या तसे उतरवून शेजारी पृष्ठक्रमांक टाकावा. स्वतःच्या शब्दांत सारांश लिहिला की लेखकाची नजर पुसली जाते आणि आपल्या सवयीची चित्रे तिच्या जागी येऊन बसतात, म्हणून या नेमकेपणाबाबत ढिलाई करू नये. एखादी वस्तू पुनःपुन्हा येत असेल तर ती दर वेळी नोंदवावी, कारण पुनरावृत्ती हीच पुढे निवडीची सर्वांत भरवशाची खूण ठरते.

वही भरली की निवड करायची, आणि या टप्प्यावर घाई न केलेली बरी. ‘बनगरवाडी’त एक प्रसंग आहे जो वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही: शेकूजवळ एकच बैल असतो, जोडीचा बैल मिळत नाही, आणि त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतःला औताला जुंपून घेते. चित्र काढणारा प्रत्येक जण इथे थांबतो आणि वाकलेली बाई, शेजारी बैल, मागे नवरा अशी मांडणी करतो. चित्र करुण होते, पण त्यात पाहणाऱ्याला अश्रूंकडे ओढण्याचा आटापिटा दिसतो आणि माडगूळकरांचे गद्य असा आटापिटा कुठेच करत नाही. त्याऐवजी फक्त जू काढून पाहावे. कागदाच्या रुंदीभर आडवे, खरबरीत लाकूड. एका बाजूला बैलाची मान, शिवळा (जुवातली खुंटी) आणि आवळलेले जोते (मानेखालचा पट्टा). दुसऱ्या बाजूला रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेखालच्या मातीत अनवाणी पावलांचे ठसे. बाई चित्रात नाही, तरी ज्याने कादंबरी वाचली आहे त्याला तीच दिसेल. ज्याने वाचलेली नाही त्यालाही या जुवाला काहीतरी कमी आहे एवढे निश्चित कळेल. विषय योग्य निवडला आहे की नाही हे तपासायला मी हीच कसोटी वापरतो: पुस्तक न वाचलेल्या माणसासाठी ते चित्र म्हणून उभे राहिले पाहिजे आणि वाचलेल्यासाठी त्यात आणखी एक दार उघडले पाहिजे.

संदर्भ गोळा करताना कादंबरीवरच्या चित्रपटातली दृश्ये समोर ठेवू नयेत. ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकर यांचा १९९५ सालचा चित्रपट आहे आणि तो जरूर पाहावा, पण चित्र पूर्ण झाल्यावर, कारण त्यातल्या चौकटी दुसऱ्या कोणीतरी विचारपूर्वक केलेल्या निवडी आहेत. त्यापेक्षा खरी वस्तू हातात घ्यावी. घोंगडी मिळाली तर ती खांद्यावर टाकून, जमिनीवर पसरून, दुमडून तिची रेखाटने करावीत. तिच्या घड्या सुती चादरीसारख्या मऊ पडत नाहीत, त्या जाड आणि कोनदार पडतात, आणि हा फरक कोरणीला फार सोयीचा असतो. शक्य असल्यास आटपाडी, माण या बाजूच्या माळावर उन्हाळ्यात एक दिवस काढावा आणि क्षितिज, बाभळी व मेंढरांचे कळप यांची झटपट रेखाटने करावीत. त्याच प्रवासात औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय पाहून घ्यावे. कादंबरीत तालमीच्या निमित्ताने वाडीवर येणारे राजेसाहेब औंध संस्थानचे आहेत, आणि औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, रामायणावर त्यांनी चित्रमालिका केली होती, हे संग्रहालयही त्यांनीच उभे केले. ज्या मुलखात ही कादंबरी घडते त्या मुलखाचा राजा चित्रे काढत होता, ही गोष्ट चित्र काढणाऱ्या वाचकाला माहीत असावी असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. काड्यापेटीएवढे लहान चौकोन वहीत आखावेत आणि प्रत्येकात एकच विषय वेगवेगळ्या प्रकारे, फक्त काळ्या मार्कर पेनने मांडावा. राखाडी छटा वापरू नये, कारण लिनोकटमध्ये राखाडी नसते. शाई लागते किंवा लागत नाही. कादंबरीची नजर इथे कामाला येते. माळरानाचे पोकळपण हा या गद्याचा श्वास आहे, म्हणून क्षितिज अगदी वर नेऊन जमीन भरपूर ठेवली तर माणूस मातीत अडकलेला वाटतो, आणि क्षितिज खाली आणून आकाश मोकळे सोडले तर तोच माणूस एकटा पडतो. जुवाच्या चित्रात मला पहिला पर्याय योग्य वाटतो. वाडी उठून जाण्याच्या चित्रात दुसरा. काळे किती आणि पांढरे किती हेही आत्ताच ठरवावे. दोन्ही निम्मे निम्मे असले की चित्र निर्जीव होते, म्हणून एकाला स्पष्ट वरचढ करावे. रेषेची काटकसर शिकायची असेल तर चित्रकार नंदलाल बोस यांचा १९३० सालचा लिनोकट पाहावा, ज्यात काठी घेऊन निघालेले गांधीजी काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषांत उभे आहेत. त्यात किती रेषा गाळल्या आहेत याचा विचार करत तो पाहावा.

साहित्य फार लागत नाही. जवसाचे तेल, बुचाची (कॉर्कची) पूड वगैरे एकत्र करून तागाच्या कापडावर बसवलेला लिनोलियमचा पत्रा चित्रसाहित्याच्या दुकानात कापलेल्या तुकड्यांत मिळतो. पहिल्या कामासाठी १० × १५ सेंटिमीटरचा तुकडा पुरे. कोरण्या दोन असल्या तरी चालते: बारीक रेषांसाठी ‘व्ही’ आकाराच्या टोकाची आणि मोठी जागा मोकळी करण्यासाठी ‘यू’ आकाराची. याशिवाय रबरी रोलर, छापाची काळी शाई, शाई पसरायला काचेचा किंवा अॅक्रिलिकचा तुकडा, गुळगुळीत पाठीचा लाकडी चमचा आणि कागद. कागद पातळ व मऊ असावा. १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कागद हाताने घासून छापायला सोपा जातो, तर जलरंगाचा जाड, खडबडीत कागद चमच्याने कितीही घासला तरी छाप तुटक येतो. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचे पातळ कागद मिळाले तर या विषयाला त्यांचा किंचित पिवळट, धाग्यांचा पोत शोभून दिसतो.

रेखाटन पत्र्यावर उतरवताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी: छाप उलटा येतो. पत्र्यावर डावीकडे असलेला बैल कागदावर उजवीकडे उमटेल, आणि अक्षरे असतील तर ती आरशात पाहिल्यासारखी दिसतील. यावर सोपा उपाय असा की अंतिम रेखाटन ट्रेसिंग कागदावर ४बी किंवा ६बी अशा मऊ पेन्सिलने करावे, तो कागद पालथा घालून पत्र्यावर चिकटवावा आणि मागून चमच्याने घासावे. रेखाटन पत्र्यावर उलटे उमटते आणि छापताना पुन्हा सुलटे होते. उमटलेल्या पेन्सिलीच्या रेषा पक्क्या मार्करने गिरवून घ्याव्यात. त्यानंतर सगळ्या पत्र्यावर लाल किंवा तपकिरी रंगाचा अगदी पातळ हात दिला तर कोरलेला भाग फिका दिसू लागतो आणि छाप कसा येईल याचा अंदाज कोरतानाच घेता येतो.

कोरण्यापूर्वी पत्रा थोडा वेळ उन्हात ठेवावा किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करावा, म्हणजे तो मऊ होतो आणि कोरणी अडखळत नाही. पत्रा धरणारा हात कोरणीच्या पुढे कधीही येऊ देऊ नये. तो नेहमी मागे किंवा बाजूला असावा आणि वळणदार रेषेसाठी कोरणी न वळवता पत्रा वळवावा. हाताला झालेल्या बहुतेक जखमा या एकाच नियमाकडे दुर्लक्ष केल्याने होतात. टेबलाच्या कडेला अडकणारी, वर आडवी पट्टी असलेली लाकडी फळी करून घेतली तर पत्रा सरकत नाही. कोरणी उभी धरू नये; साधारण ३० अंशांच्या कोनात धरून पत्र्याच्या वरच्या थरातूनच ती सरकवावी. तागाचे कापड दिसू लागले तर खोली जास्त झाली असे समजावे.

कशापासून सुरुवात करावी, याचे माझे उत्तर असे की सर्वांत खात्रीच्या पांढऱ्या जागेपासून. जुवाच्या चित्रात ती आकाशाची पट्टी आहे. तिथे ‘यू’ कोरणीने मोकळेपणी काम करावे आणि हात सरावला की मग लाकडाकडे यावे. जुवाचे लाकूड कोरताना ‘व्ही’ कोरणीने त्याच्या लांबीच्या दिशेने तुटक, असमान रेषा माराव्यात, गाठीपाशी त्या थोड्या वळवाव्यात आणि जोते घासून लाकूड जिथे गुळगुळीत झाले आहे तिथे काळे तसेच सोडावे. सतत वापराची जागा लाकडाच्या इतर भागापेक्षा वेगळी दिसली पाहिजे. बैलाच्या मानेसाठी केस एकेक करून काढत बसू नये. गळ्याखालच्या लोंबत्या पोळीच्या घड्या तीन-चार लांब पांढऱ्या रेषांत दाखवाव्यात आणि बाकी मान काळ्या आकारात ठेवावी. मेंढरांचा कळप काढायचा असेल तर तिथेही हेच लागू होते: प्रत्येक मेंढरू वेगळे न करता सगळ्या कळपाचा एक काळा आकार धरावा, त्यात फक्त पाठींवर पडलेल्या उन्हाच्या आखूड कमानी कोराव्यात आणि कडेच्या दोन-तीन मेंढरांनाच कान व पाय द्यावेत. डोळा उरलेला कळप आपोआप पुरा करतो.

मोकळ्या केलेल्या जागेत कोरणीच्या मधले उंचवटे राहतात आणि त्यांना छापताना शाई लागते. काही जण ते सगळे साफ करतात. माणदेशाच्या आकाशात ते उंचवटे मला ठेवावेसे वाटतात, कारण एका दिशेने कोरलेले असतील तर ते धुळीच्या वाऱ्यासारखे दिसतात. मात्र मग आकाश पहिल्या फटकाऱ्यापासून एकाच दिशेने कोरायला हवे. घराच्या आतले, निश्चल दुपारचे चित्र असेल तर ते साफच करावेत.

छापताना शाई काचेवर थोडीशीच घ्यावी आणि रोलरने सर्व दिशांनी पसरवावी. थर योग्य झाला की रोलरचा आवाज चिकट, तुटक न राहता बारीक सलग चुरचुरीसारखा येऊ लागतो आणि शाईचा पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. पत्र्यावर शाईचे तीन-चार पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर बारीक रेषा बुजतात. कागद एका कडेने टेकवत खाली सोडावा, एकदा टेकला की हलवू नये, आणि मधून कडांकडे चमच्याने गोलाकार घासत जावे. एक कोपरा दाबून धरून दुसरा हळूच उचलून पाहता येतो. फिकट जागा दिसली तर कागद परत टेकवून तिथे आणखी घासावे. पहिले दोन-तीन छाप साध्या कागदावर तपासणीसाठी काढावेत, ते भिंतीवर लावून दुरून पाहावेत आणि कुठे आणखी कोरायचे ते त्यांच्यावरच पांढऱ्या रंगाने खुणावून ठरवावे. कोरलेले परत भरता येत नाही, म्हणून शंका असेल ती जागा आधी काळीच ठेवून छाप पाहणे शहाणपणाचे.

पाण्यात विरघळणारी शाई साफ करायला सोपी, पण कोरड्या उन्हाळ्यात ती पत्र्यावरच वाळू लागते, म्हणून तेव्हा झपाट्याने काम करावे लागते. तेलातली शाई सावकाश वाळते, तिचा काळा रंग अधिक दाट दिसतो, आणि रोलर व काच आधी खाद्यतेलाने पुसून मग साबणाने धुता येते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, तेलाच्या शाईचे छाप वाळायला कित्येक दिवस लागतात. ते दोरीवर चिमट्याने सुटे टांगावेत, एकावर एक ठेवू नयेत.

सगळ्याच कादंबऱ्या असे कठोर काळे-पांढरे मागत नाहीत. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू आपली कहाणी स्वतः सांगते, माजघरातल्या गप्पांच्या ओघात, खूप तपशिलांसह, आणि तिचे जग भिंतींच्या आत आहे. तिथे माळरानाचे मोकळे आकाश निरुपयोगी. लिनोकटच करायचा तर पत्रा बहुतांश काळा ठेवून फक्त खिडकीचे गज, उंबरा, दिव्याचा उजेड एवढेच कोरावे, किंवा माध्यमच बदलून जुन्या कापडावर भरतकाम करावे, कारण त्या घरातल्या बायकांच्या हाताला ते काम ओळखीचे होते. केशवपनाचा प्रसंग थेट दाखवण्याचा मोह इथेही होतो. त्याऐवजी फणी, कुंकवाचा करंडा आणि आरसा या वस्तू कादंबरीच्या सुरुवातीला आणि शेवटी कशा वेगळ्या दिसतील याची जोडचित्रे केली तर यमूच्या आवाजातला संयम टिकतो.

एकाच कादंबरीवर पाच-सहा छापांची मालिका करायची असेल तर सर्व पत्र्यांचा आकार एक ठेवावा, पण क्षितिजाची उंची कथेबरोबर बदलू द्यावी. ‘बनगरवाडी’साठी माझा क्रम असा असेल: माळावरची वाट, शाळेचे दार, जू, वाडीतल्या अंजी या मुलीची चोळी, अर्धी चढलेली तालमीची भिंत आणि शेवटी धूर नसलेली छपरे. शेवटच्या छापात माणूस नको आणि जनावरही नको.

छाप वाळले की खालच्या समासात पेन्सिलने डावीकडे क्रमांक, मध्ये चित्राचे नाव आणि उजवीकडे सही करावी. ३/१० म्हणजे दहा छापांच्या आवृत्तीतला तिसरा. ठरवलेली संख्या पूर्ण झाली की त्याच आवृत्तीत आणखी छाप काढू नयेत, तो घेणाऱ्याशी केलेला करार असतो. विक्रीचा विचार असेल तर कायद्याची बाजू पाहून घ्यावी. भारतात लेखकाच्या मजकुराचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. आपटे १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांची वाक्ये छापात वापरायला आता अडचण नाही. माडगूळकर २००१ साली गेले, म्हणजे त्यांच्या मजकुरावरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे, आणि त्यांचे वाक्य चित्रात कोरून ते विकायचे असेल तर प्रकाशकामार्फत हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. जुन्या मुखपृष्ठाची मांडणी ही चित्रकाराची स्वतंत्र कृती असते, तिची नक्कल टाळावी. चित्रात कादंबरीचा शब्द नसला तरी छापाच्या मागच्या बाजूला कादंबरीचे व लेखकाचे नाव आणि ज्या पानावरून चित्र सुचले त्याचा क्रमांक आवृत्तीच्या वर्षासह लिहून ठेवावा, म्हणजे छाप घेणाऱ्याला ते पान उघडून वाचता येईल.